अरल सरोवर का आटले? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात अरल सरोवरावरील लेख प्रसिद्ध झाला. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवर पसरलेले आणि १९६० साली आकाराने जगात चौथ्या क्रमांकाचे असलेले हे सरोवर पुढच्या पाच दशकांत मूळ क्षेत्रफळाच्या सुमारे एक दशांशावर कसे आले, याची हकीकत त्या लेखात होती. लेखावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे निवडले आहेत. अनेक पत्रांतील प्रश्न सारखे होते, म्हणून ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : लेखात सगळा दोष कालव्यांच्या माथी मारला आहे. परंतु अरल वाळवंटात आहे, तेथे पाऊस नगण्य आहे आणि आता हवामानही बदलत आहे. कालवे नसते तरी हे सरोवर आटले नसते का?

उत्तर : अरलमधून बाहेर वाहणारी एकही नदी नाही. त्यात जेवढे पाणी येते आणि जेवढे बाष्पीभवनाने जाते, या दोहोंच्या मेळावर त्याची पातळी ठरते. पामीर आणि तिएन शान या पर्वतांतील बर्फावर पोसलेल्या अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत तेथे दरवर्षी सरासरी ५६ घन किलोमीटर पाणी आणून टाकत असत. टीएमसीच्या मापात सांगायचे तर हे पाणी जवळपास दोन हजार टीएमसी होते. पावसातून आणखी नऊ-दहा घन किलोमीटर पाणी मिळे आणि सुमारे ६६ घन किलोमीटर पाणी उडून जाई. त्यामुळे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५३ मीटरच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिली होती. भोवती वाळवंट असूनही सरोवर टिकले, कारण ते वाळवंटातील पावसावर नव्हे, तर शेकडो किलोमीटर दूरच्या हिमशिखरांवर जगत होते.

१९६० नंतर नद्यांचे पाणी वरच्या वर वळवले गेले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सीर दर्याचे पाणी अनेक वर्षे सरोवरापर्यंत पोहोचलेच नाही आणि १९८० च्या दशकात अमू दर्याचीही काही वर्षे तशीच गेली. अशा सरोवराचे गणित निर्दय असते. दर चौरस किलोमीटरमागे वर्षाकाठी पावसाची भर वजा जाता साधारण पाऊण ते एक मीटर पाणी उडून जाते, तेव्हा येणारे पाणी दहा घन किलोमीटरवर आले, की सरोवर आक्रसत आक्रसत दहा-बारा हजार चौरस किलोमीटरवर येऊनच थांबणार. मूळचे ६७ ते ६८ हजार चौरस किलोमीटरचे सरोवर नेमके त्याच दिशेने गेले.

आपल्या प्रश्नात एक ऐतिहासिक तथ्य दडलेले आहे, तेही सांगितले पाहिजे. अरल पूर्वीही एकदा खूप खाली गेले होते. आटलेल्या तळावर मध्ययुगीन वस्त्यांचे आणि एका थडग्याचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे तेथे कोणे एके काळी कोरडी जमीन होती आणि लोक राहत होते. मात्र तेव्हाही मुख्य कारण पाऊस कमी होणे हे नव्हते. अमू दर्याने आपले पाणी पश्चिमेकडील सारीकामिश खोलगटीकडे वळवले होते आणि त्या वळणाला युद्धात मोडलेल्या बांध-बंधाऱ्यांचाही हातभार लागला होता. हवामानबदलाचा परिणाम त्या पर्वतांतील हिमनद्यांवर निश्चित होत आहे आणि पुढील दशकांत तो वाढेल. तथापि १९६० ते २००० या काळात जे घडले त्याचा फार मोठा हिस्सा माणसाने वळवलेल्या पाण्याचा आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. अमू दर्याच्या खालच्या अंगाला ख्वारेझमच्या प्रदेशात हजारो वर्षांपासून सिंचन चालू होते. १९६० साली दोन्ही खोऱ्यांत मिळून पन्नास लाख हेक्टरच्या आसपास जमीन भिजत होती, असे वाचले आहे. नंतर क्षेत्र वाढले, पण दुप्पटही झाले नाही. मग सरोवरच संपावे इतका फरक एकाएकी कसा पडला?

उत्तर : आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. जुने सिंचन नदीकाठच्या पट्ट्यात होते. शेतातून पाझरलेले आणि चरांतून निघालेले पाणी बऱ्याच अंशी पुन्हा नदीत उतरत असे. शिवाय काठालगतची शेते वाढली, तेव्हा पूर्वी पुराच्या पाण्याखाली राहणारी बोरूची बने आणि दलदली कमी झाल्या. तेथे जे पाणी आधीपासूनच उडून जात होते तेच आता पिकाला मिळू लागले, म्हणून सरोवराच्या वाट्यात फारशी घट दिसली नाही. १९६० पर्यंत ही भरपाई चालली आणि कदाचित म्हणूनच नियोजनकारांना पुढेही असेच चालेल असे वाटले असावे.

पुढे जे वाढले ते नदीपासून दूरच्या माळांवर आणि वाळवंटात वाढले. काराकुम कालवा हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. त्याचे काम १९५४ साली सुरू झाले, १९६२ पर्यंत पाणी अश्गाबातला पोहोचले आणि पुढे त्याची लांबी तेराशे किलोमीटरांच्या वर गेली. हा कालवा अमू दर्यातून दरवर्षी दहा घन किलोमीटरपेक्षा जास्त पाणी उचलतो आणि तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातून पश्चिमेकडे नेतो. त्यातील एक थेंबही परत नदीत येत नाही, कारण तेथील जमिनीचा उतारच नदीकडे नाही. कालव्याला बहुतांश लांबीत अस्तर नाही. तो वाळूतून खणलेला असल्यामुळे पाण्याचा मोठा भाग वाटेतच मुरतो, काठाला तळी साचतात आणि भूजलपातळी वर येऊन आसपासची जमीन खारवते. आपण अभियंते ज्याला वहनव्यय म्हणता, म्हणजे वाहताना वाटेतच वाया जाणारे पाणी, तो येथे कालव्याच्या जन्मापासूनच गृहीत धरल्यासारखा होता.

तेव्हा फरक केवळ हेक्टरांत नाही. जुन्या पद्धतीत वळवलेल्या पाण्याचा काही हिस्सा नदीला परत मिळत होता, नव्या पद्धतीत तो मिळणे बंद झाले.

प्रश्न : सरोवरातील पाणी वाळवंटात नुसते उडून जात होते. तेच पाणी कापसाला दिले, लाखो लोकांना रोजगार मिळाला, देशाला परकीय चलन मिळाले. माणसांसाठी पाणी वापरले तर त्याला गैरव्यवस्थापन का म्हणावे?

उत्तर : हा युक्तिवाद सोव्हिएत काळात गांभीर्याने केला गेला होता. एक घन किलोमीटर पाण्यातून कापूस किती आणि मासे किती, अशी तुलना झाली आणि त्यात मासे हरले. सरोवर आटेल हे त्यांना ठाऊक होते, ते अनवधानाने झाले नाही. काहींचा तर असाही समज होता, की आटलेल्या तळावर मिठाचा कठीण थर बसेल, त्यामुळे धूळ उडणार नाही आणि त्या जमिनीवरही शेती करता येईल. हा अंदाज पूर्णपणे चुकला.

आपला प्रश्न मी टाळू इच्छित नाही, म्हणून त्यातील गृहीतकाकडेच आधी पाहू. सरोवरापासून काढून घेतलेले पाणी माणसांच्या उपयोगी पडले, असे आपण धरून चालला आहात. त्यातील काही पाणी खरोखर उपयोगी पडले. पण मोठा वाटा कोठे गेला हे पाहायचे असेल, तर नकाशावरील दोन नव्या सरोवरांकडे पाहावे. अमू दर्याच्या खालच्या लाभक्षेत्रातील शेतांचे निचऱ्याचे खारट पाणी मोठ्या चरांतून सारीकामिश खोलगटीत सोडले गेले आणि तेथे तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठे सरोवर तयार झाले. सीर दर्यावर १९६९ च्या मोठ्या पुरात चारदारा धरणातून सुमारे २१ घन किलोमीटर पाणी शेजारच्या अर्नासाय खोलगटीत सोडावे लागले. त्यातून आयदार-अर्नासाय सरोवरांची साखळी निर्माण झाली आणि निचऱ्याच्या पाण्यावर व पुढील काळात हिवाळ्यातील विसर्गावर ती टिकून राहिली. म्हणजे अरलच्या तोंडचे पाणी काढून घेतले गेले आणि त्यातील बरेचसे तितक्याच निर्जन खोलगट्यांत जाऊन बाष्पीभवनानेच उडाले. त्याने ना कापूस पिकला, ना मासेमारीची गावे जगली. मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक संताप येतो तो या गोष्टीचा. कापूस आणि सरोवर यांत निवड करणे भागच होते असे आपल्याला सांगितले जाते, पण त्या निवडीआधीच अवाढव्य पाणी कोणाच्याही कामी न येता गेले होते.

दुसरे दुष्टचक्र शेतातच आहे. निचऱ्याची सोय न करता वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिले, की भूजल वर येते आणि केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर येऊन बसतात. मग पेरणीपूर्वी हे क्षार धुऊन काढण्यासाठी शेतात पुन्हा भरपूर पाणी सोडावे लागते. हे धुवण मध्य आशियात दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस होते. धुतलेले क्षार नदीत उतरतात आणि खालच्या शेतकऱ्याला आणखी खारट पाणी मिळते, म्हणून त्याला आणखी जास्त पाण्याने धुवावे लागते. अमू दर्याच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या, उझबेकिस्तानातील काराकाल्पाकस्तान या प्रदेशातील शेतकऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी आणि सर्वांत खारट पाणी येते. त्याच्याच दारात अरलचा कोरडा तळ आहे. पाणी शेतकऱ्याला जवळजवळ फुकट मिळत होते आणि कापसाचे लक्ष्य सरकार ठरवीत होते, त्यामुळे पाणी वाचवण्याचे कोणतेही कारण त्याच्यापुढे नव्हते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उझबेकिस्तानने कापसाची ही सक्तीची लक्ष्ये २०२० साली रद्द केली.

आणि उलट बाजूला काय गेले तेही मांडावे लागेल. १९५० च्या दशकात अरलमधून वर्षाला चाळीस हजार टनांहून अधिक मासे निघत असत. पाण्यातील क्षार लिटरमागे सुमारे १० ग्रॅमवरून वाढत गेले, मूळच्या माशांच्या जाती अंडी घालीनाशा झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस व्यापारी मासेमारी थांबली. दक्षिणेकडील भागात पुढे क्षारांचे प्रमाण शंभर ग्रॅमच्याही वर गेले. महासागराच्या पाण्यात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असते. उघड्या पडलेल्या तळावर, ज्याला आता अरलकुम वाळवंट म्हणतात, पन्नास लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर मीठ, धूळ आणि कापसाच्या शेतांतून वाहून आलेल्या कीटकनाशकांचे अवशेष पसरले आहेत. तेथून उठणारी वादळे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अवकाशातून टिपली गेली. काराकाल्पाकस्तानात पंडुरोग आणि श्वसनाचे विकार मोठ्या प्रमाणावर आढळतात. धूळ, खारट पिण्याचे पाणी, दारिद्र्य आणि कोलमडलेली आरोग्यसेवा यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण आहे, पण ती चारही तेथे एकत्र आहेत. सरोवराच्या पाण्यामुळे भोवतालचा उन्हाळा आणि हिवाळा सौम्य राहत असे. आता उन्हाळा अधिक तापतो, थंडी लवकर येते आणि पिकाचा हंगाम आखूड झाला आहे. ज्या कापसासाठी सरोवर दिले, त्याच कापसाला शेजारच्या प्रदेशात याचा फटका बसला.

प्रश्न : मुयनाक येथील वाळूत रुतलेल्या बोटींचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. तेथील लोकांचे पुढे काय झाले?

उत्तर : दक्षिणेला उझबेकिस्तानात मुयनाक आणि उत्तरेला कझाकस्तानात अराल्स्क ही मासेमारीची दोन मोठी बंदरे होती. पाणी मागे हटू लागले तसे बोटींसाठी चर खणून पाण्यापर्यंत वाट ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण पाणी चरांपेक्षा वेगाने मागे सरत गेले. मुयनाकमधील मासे डबाबंद करण्याचा कारखाना काही काळ तरी चालू राहावा, म्हणून दूरच्या समुद्रांतून गोठवलेले मासे रेल्वेने आणले गेले. ही व्यवस्था सोव्हिएत संघाबरोबरच संपली. पुष्कळ कुटुंबे कझाकस्तानात व अन्यत्र कामासाठी गेली. जे राहिले ते पशुपालनावर, थोड्या शेतीवर आणि बाहेरून येणाऱ्या पैशावर जगतात. आटलेल्या तळाखाली नैसर्गिक वायू सापडला आहे आणि त्याचे उत्खननही चालू आहे. त्यातून काही रोजगार आला, पण तो मासेमारीची जागा घेणारा नाही.

प्रश्न : अरलचा उत्तरेकडील भाग पुन्हा भरला, असे लेखात एका ओळीत उरकले आहे. हे कसे साधले? आणि दक्षिणेत तसेच का करता येत नाही?

उत्तर : लेखातील ती त्रुटी मान्य आहे, कारण या साऱ्या कथेत शिकण्यासारखे सर्वांत जास्त येथेच आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पातळी इतकी खाली गेली, की उत्तरेकडील लहान अरल आणि दक्षिणेकडील मोठे अरल असे दोन भाग झाले. त्यांच्यामधील बर्ग सामुद्रधुनीतून उत्तरेचे पाणी दक्षिणेकडे वाहून जात राहिले. उत्तरेला सीर दर्या मिळते. तिच्या थोड्याशा पाण्याने लहान अरल तग धरू शकत होते, परंतु ते पाणी दक्षिणेच्या विस्तीर्ण, उथळ तळावर पसरून उडून जाई आणि त्याचा उपयोग कोणालाच होत नसे. तेथील स्थानिक प्रशासनाने आणि लोकांनी १९९२ साली त्या चिंचोळ्या जागी वाळूचा बांध घातला. तो वारंवार फुटला, पुन्हा बांधला गेला आणि अखेर १९९९ च्या एप्रिलमध्ये वादळात वाहून गेला. परंतु तेवढ्या काळात पातळी वाढलेली, क्षार कमी झालेले आणि मासे नदीमुखाकडे परतू लागलेले दिसले होते. या कच्च्या बांधाला अपयश म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पक्क्या प्रकल्पाचा तोच पुरावा होता.

कझाकस्तान सरकार आणि जागतिक बँक यांच्या पैशातून, एकूण सुमारे साडेआठ कोटी डॉलरच्या प्रकल्पात, सीर दर्याच्या पात्राची व नियंत्रक बांधकामांची दुरुस्ती झाली आणि सुमारे १३ किलोमीटर लांबीचा कोकाराल बंधारा सांडव्यासह २००५ साली पूर्ण झाला. भरायला काही वर्षे लागतील असा अंदाज असताना २००६ च्या वसंतातच पाणी ठरवलेल्या ४२ मीटर पातळीला पोहोचले. क्षार उतरले, आणि गोड्या पाण्यातील सुदाक, कार्प, ब्रीम हे मासे नदीतून पुन्हा सरोवरात पसरले. त्याआधी लोक अझोव समुद्रातून आणलेल्या, खारट पाण्यात तगणाऱ्या एका चपट्या माशावर गुजराण करीत होते. काही वर्षांतच पकड हजारो टनांवर गेली आणि मासे प्रक्रिया करणारे कारखाने पुन्हा उघडले. अराल्स्कपासून शंभर किलोमीटरच्या आसपास दूर गेलेला किनारा पुष्कळ जवळ आला, पण बंदरापर्यंत पोहोचला नाही. त्यासाठी बंधारा उंच करण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे.

दक्षिणेत हे का होत नाही, याचे एक उत्तर भूगोलात आहे. मोठ्या अरलचे पूर्वेकडील खोरे अतिशय उथळ आणि विस्तीर्ण आहे. तेथे आलेले पाणी पातळ थरात पसरते आणि एका उन्हाळ्यात उडते. २०१४ साली ते खोरे आधुनिक काळात प्रथमच पूर्ण कोरडे पडलेले उपग्रहाच्या छायाचित्रात दिसले. पश्चिमेकडील पट्टा खोल आहे, म्हणून तो अजून टिकला आहे, पण त्यात नदी थेट येत नाही. दुसरे उत्तर अधिक कठीण आहे. सीर दर्याचे काही पाणी तरी मुखापर्यंत येत होते, अमू दर्याचे ते येत नाही. बंधारा पाणी अडवतो, निर्माण करीत नाही. अमू दर्याच्या त्रिभुज प्रदेशातील लहान तळी आणि पाणथळी जपण्याचे काम उझबेकिस्तानात चालू आहे आणि ते मोलाचे आहे. कोरड्या तळावर २०१८ पासून साक्साऊल या वाळवंटी झुडपाची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली आहे. ही झुडपे वारा अडवतात आणि वाळू धरून ठेवतात, म्हणून जेथे ती रुजतात तेथे धूळ निश्चित कमी होते. मात्र मोठे अरल परत येईल अशी आशा कोणी दाखवीत असेल तर ती खरी नाही. दोन्ही नद्यांचे संपूर्ण पूर्वीचे पाणी आजपासून सोडले तरी सरोवर जुन्या पातळीला यायला अनेक दशके लागतील, आणि १९६० साली सुमारे दीड कोटी असलेली खोऱ्यातील लोकसंख्या आज पाच कोटींच्या वर गेली आहे.

प्रश्न : सोव्हिएत संघ १९९१ साली संपला. मग स्वतंत्र झालेल्या देशांनी पाण्याची वाटणी नव्याने का केली नाही?

उत्तर : त्यांनी फेब्रुवारी १९९२ मध्ये अल्माटी येथे पाच देशांचा करार केला, आंतरराज्य जल समन्वय आयोग स्थापन केला आणि १९९३ साली अरल वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय निधीही उभारला. पण वाटणीचे जुने सोव्हिएत प्रमाणच त्यांनी कायम ठेवले. त्या वेळी संघर्ष टाळण्यासाठी ते शहाणपणाचे होते, यात शंका नाही. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की ज्या प्रमाणांमुळे सरोवर आटले तीच पुढे चालू राहिली आणि सरोवराच्या वाट्याला प्रत्यक्षात वापरून उरलेले पाणीच येत राहिले. कोरड्या वर्षी उरतेच काय?

सीर दर्यावर आणखी एक पेच आहे. किर्गिझस्तानातील तोक्तोगुल धरणाची साठवण सुमारे साडेएकोणीस घन किलोमीटर आहे. सोव्हिएत काळात त्याचे पाणी मुख्यतः उन्हाळ्यात खालच्या कापसासाठी सोडत आणि त्याबदल्यात हिवाळ्यात किर्गिझस्तानला खालच्या प्रजासत्ताकांतून कोळसा आणि वायू मिळे. स्वातंत्र्यानंतर कोळसा व वायू बाजारभावाने विकत घ्यावे लागले. तेव्हा किर्गिझस्तानने कडाक्याच्या थंडीत विजेसाठी धरणाचे पाणी हिवाळ्यात सोडण्यास सुरुवात केली, आणि त्यात गैर काही नव्हते. परंतु हिवाळ्यात खालचे नदीपात्र गोठलेले असते आणि एवढा विसर्ग त्यातून जाऊ शकत नाही. त्यामुळे हिवाळ्यात पूर, उन्हाळ्यात टंचाई आणि जास्तीचे पाणी पुन्हा अर्नासायच्या खोलगटीत, असे वर्षानुवर्षे घडले. १९९८ साली वीज, इंधन आणि पाणी यांच्या देवाणघेवाणीचा करार झाला, पण तो दर वर्षीच्या वाटाघाटींवर अवलंबून राहिला आणि टिकला नाही. शेवटी कझाकस्तानने हिवाळ्यातील पाणी साठवण्यासाठी कोकसराय येथे तीन घन किलोमीटरचा नवा जलाशय बांधला. वरच्या देशाला हिवाळ्यात उष्णता कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय खालच्या देशाला उन्हाळ्यात पाणी मिळणार नाही. हा प्रश्न पाटबंधाऱ्यांइतकाच ऊर्जेचाही आहे, हे मान्य करायला संबंधितांना फार वेळ लागला.

प्रश्न : सैबेरियातील नद्यांचे पाणी अरलकडे आणण्याची योजना होती, ती का सोडली?

उत्तर : ओब आणि इर्तिश या नद्यांचे दरवर्षी सुमारे २७ घन किलोमीटर पाणी दोन हजार किलोमीटरांहून लांब कालव्याने दक्षिणेला आणण्याचा तो आराखडा होता. प्रचंड खर्च, उत्तरेकडील पर्यावरणाची हानी आणि रशियातील शास्त्रज्ञ व लेखकांचा उघड विरोध यांमुळे तो १९८६ साली थांबवण्यात आला. तो थांबला हे योग्यच झाले. ज्या व्यवस्थेत पाण्याचा एवढा मोठा वाटा कालव्यांतच मुरत होता, तिच्यात आणखी पाणी ओतून सरोवरापर्यंत किती पोहोचले असते याची मला शंकाच आहे. ही कल्पना मध्य आशियातील राजकारणात अधूनमधून पुन्हा डोके वर काढते.

प्रश्न : अफगाणिस्तानात अमू दर्यावर नवा कालवा खणला जात आहे, असे वाचले. त्याचा अरलवर काय परिणाम होईल?

उत्तर : तो कोश तेपा कालवा. त्याचे काम २०२२ साली सुरू झाले. लांबी २८५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे १०० मीटर आहे. पूर्ण क्षमतेने चालला तर तो वर्षाला दहा घन किलोमीटरपर्यंत पाणी घेऊ शकेल, असे जाणकारांचे अंदाज आहेत. हा आकडा काराकुम कालव्याच्या उचलीच्या जवळ जातो. १९९२ च्या करारात अफगाणिस्तान नाही, आणि त्याआधी सोव्हिएत काळात झालेल्या वाटणीतही त्याच्या गरजांचा विचार झाला नव्हता. अमू दर्याच्या पाण्याचा काही भाग अफगाणिस्तानच्याच डोंगरांतून येतो आणि तेथील शेतकऱ्याला दुष्काळात पाणी हवे आहे, हा हक्क नाकारता येणार नाही. ज्यांनी स्वतः साठ वर्षे नदी कोरडी केली त्यांनी तो नाकारणे तर मुळीच शोभणारे नाही.

काळजी वाटते ती बांधकामाच्या पद्धतीची. कालव्याचा बराच भाग पुन्हा वाळूतूनच आणि अस्तराशिवाय खणला गेल्याचे वृत्त आहे. निचऱ्याची व्यवस्था नंतर पाहू, असे म्हणून पाणी आधी सोडले, तर दहा-पंधरा वर्षांत तेथील जमीनही क्षारपड होईल आणि आज ज्या शेतकऱ्यासाठी हा कालवा खणला जात आहे त्याचेच शेत पांढरे पडेल. खाली ख्वारेझम आणि काराकाल्पाकस्तानातील शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांचे पाणी प्रथम घटेल. त्रिभुज प्रदेशातील वाचवलेल्या पाणथळींचा क्रमांक त्याहीनंतर लागतो आणि मोठ्या अरलसाठी काही उरण्याचा प्रश्नच येणार नाही. उझबेकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात यावर बोलणी चालू आहेत. त्या बोलण्यांत कालव्याचे अस्तरीकरण, निचरा आणि मुखापाशी मोजून सोडायचा किमान विसर्ग हे तीन विषय लेखी यावेत, ही मागणी आताच, कालवा पूर्ण होण्याआधी, लावून धरली पाहिजे. एकदा पाणी वाहू लागले आणि त्याच्या काठी गावे वसली, की ते मागे घेण्याचे धैर्य कोणत्याच सरकारला होत नाही. काराकुम कालव्याच्या बाबतीत हेच घडले आहे.